बाटलीच्या तळाशी बसलेला खडा



आजच्या भाषणाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींनी एकमेकांकडे पाहिले असेल. वाईनमधले स्फटिक आणि सूक्ष्मदर्शकातून काढलेली त्यांची छायाचित्रे! ज्वारीच्या भावावर, उसाच्या तोडणीवर, शाळेच्या पटावर बोलायचे सोडून हा गृहस्थ द्राक्षाच्या दारूकडे कुठे वळला, अशी शंका कुणाला आली तर ती मी गैर मानणार नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो, पेल्यात काय ओतावे ह्याबद्दल मला काही बोलायचे नाही. बाटलीच्या तळाशी जे बसलेले असते त्याबद्दल बोलायचे आहे. ते ओळखता आले नाही म्हणून माणसांवर आळ येतो. आणि ते ओळखण्याचे साधन पुष्कळदा आपल्याच गावच्या शाळेच्या कपाटात पडून असते.

स्फटिक हा शब्द पुस्तकी वाटला तरी वस्तू घरचीच आहे. खडीसाखर, तुरटी, मिठाचा खडा हे सगळे स्फटिक. पाण्यात विरघळलेला पदार्थ पाण्याला पेलवेनासा झाला की तो बाहेर पडतो, आणि बाहेर पडताना त्याचे कण कवायतीला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे रांगा धरून बसतात. रांगा सरळ, म्हणून खड्याच्या कडाही सरळ. सावकाश बाहेर पडला तर थोडे आणि मोठे खडे होतात, घाईने पडला तर पुष्कळ आणि बारीक. खडीसाखर करणारा दोरा सोडून दिवसच्या दिवस वाट बघतो ती ह्यासाठीच.

बारामती-इंदापूरकडच्या माणसाला हे समजावून सांगण्याची तशी गरज नाही. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, मागोमाग ऊस आला, आणि उसामागून कारखाने आले. वालचंदनगरचा कारखाना 1930 नंतरच्या दशकातला. पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर. ह्या कारखान्यांतून ज्याने काम केले आहे त्याने पॅनवरचा माणूस पाहिलेला असतो. आटत आलेला रस पॅनमध्ये शिजत असतो. हा माणूस त्यातला थोडा नमुना बाहेर काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो आणि पट्टी दिव्यासमोर धरून दाणा बघतो. दाणा भरला आहे की अजून बारीक आहे, सगळा एकसारखा आहे की मधेच नवा चुरा पडू लागला आहे, हे तो एका नजरेत सांगतो. कॉलेजाची पायरी न चढलेला हा माणूस स्फटिकांचा पक्का जाणकार असतो. त्याला तसे कोणी म्हणत नाही, एवढेच. आज मी जे सांगणार आहे ते त्याच्याच कामाचे पुढचे पाऊल आहे, असे समजा.

उसाच्या मानाने द्राक्ष आपल्याकडे उशिरा आले. इंदापूर तालुक्यात बोरीसारख्या गावांनी त्यात नाव काढले. ती द्राक्षे खाण्याची. वाईनची द्राक्षे निराळी असतात, लहान मण्याची, जाड सालीची, बिया असलेली, आणि शिराझ, कॅबर्ने, शेनिन अशा परदेशी नावांची. महाराष्ट्रात हा धंदा 1980 नंतर जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या बाजूला उभा राहिला. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष-प्रक्रियेचे धोरण जाहीर केले, एमआयडीसीने नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला त्यासाठी खास वसाहती आखल्या, आणि पाटसहून बारामतीकडे येताना रोटी गाव लागते तिथेही एक मोठी वाइनरी झाली. म्हणजे ज्या पट्ट्यात उसाचा दाणा बघण्याची विद्या रुजली, त्याच पट्ट्यात द्राक्षाचा हा दुसरा खडा येऊन पोचला.

हा खडा येतो कुठून? द्राक्षाच्या आंबटपणाचा मुख्य धनी म्हणजे टार्टरिक आम्ल. फळाफळांची आंबटाई निराळी असते. लिंबात सायट्रिक, सफरचंदात मॅलिक. आणि टार्टरिक फारच थोड्या फळांत भरपूर सापडते. त्या थोड्यांत दोन ठळक नावे आहेत, एक द्राक्ष आणि दुसरे आपल्या बांधावरची चिंच. चिंचेची आमटी आणि फ्रान्सची वाईन ह्यांचे नाते इथे जुळते! स्वीडनमधल्या कार्ल शीले नावाच्या औषधविक्याने 1769 साली हे आम्ल पहिल्यांदा वेगळे करून दाखवले. आता द्राक्षाची मुळे जमिनीतून पोटॅश उचलतात. हा पोटॅश आणि हे आम्ल रसात भेटले की एक क्षार तयार होतो, त्याचे नाव पोटॅशियम बायटार्टरेट. केकवाले ज्याला क्रीम ऑफ टार्टर म्हणतात, तोच हा.

साधे पाणी घेतले तर 20 अंश उष्णतेला एका लिटरमध्ये हा क्षार पाच-सहा ग्रॅम विरघळतो. तेच पाणी उकळते असेल तर साठ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे थंडी वाढली की पाण्याची पेलण्याची ताकद झपाट्याने कमी होते. आणि त्यात मद्यार्क मिसळला की ती आणखी घटते. बारा टक्के मद्यार्क असेल तर 20 अंशाला लिटरभरात तीन ग्रॅमही जेमतेम मावतो. द्राक्षाचा रस आंबू लागला की साखरेचा मद्यार्क होत जातो आणि हा क्षार हळूहळू उपरा ठरतो. जुन्या लाकडी पिंपांच्या आतल्या बाजूला त्याचे जाड कवच धरत असे; लोक ते खरवडून विकत असत. बाटलीत भरलेली वाईन कुणी शीतकपाटात ठेवली की उरलासुरला क्षार तळाशी किंवा बुचाच्या आतल्या टोकाला खडे होऊन बसतो. तांबड्या वाईनमधला खडा रंग शोषून जांभळट होतो. पांढऱ्या वाईनमधला मात्र निर्मळ, चकचकीत, टोकदार दिसतो. हातावर घेतला तर कुणीही शपथेवर सांगावे, की ही काच आहे.

आणि इथेच घोटाळा होतो.

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. तो एका वाइनरीत बाटल्या भरण्याच्या विभागात काम करी. दुकानदाराने बारा बाटल्यांची एक पेटीच्या पेटी परत पाठवली होती, “आत काचेचा चुरा आहे” असे सांगून. बाटल्या भरणाऱ्या यंत्रावर रात्रपाळीला एक बाई होत्या. यंत्रात बाटली फुटली असणार आणि त्यांनी ते दडवले असणार, असे वरच्यांनी ठरवून टाकले होते आणि बाईंना घरी बसवले होते. बाई म्हणत होत्या, “बाटली फुटली असती तर मी सांगितलं नसतं का? मलाही लेकरं आहेत.” पण म्हणण्याला पुरावा काय? मुलगा म्हणाला, “सर, ही काच आहे का नाही, एवढं सांगता येईल का?”

मी भूगोल शिकवणारा माणूस. रसायनशाळेशी माझा संबंध बेताचा. परंतु भूगोलवाल्याला दगडांची ओळख असावी लागते, आणि दगड ओळखण्याची एक जुनी, फार सुंदर युक्ती आहे. आपल्या दख्खनचा काळा पाषाण घासून घासून मिलिमीटरच्या शंभर भागांपैकी तीन भाग इतका पातळ केला, की तो काचेसारखा पारदर्शक होतो. मग त्याच्या खाली एक आणि वर एक अशा दोन खास चकत्या धरून सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की काळ्या दगडात पट्ट्यापट्ट्यांचे, निळे-पिवळे खनिजांचे तुकडे उजळून निघतात. ह्या चकत्यांना पोलरॉइड म्हणतात. तीच युक्ती इथे लागू पडते.

चकतीचे काम काय ते सांगतो. प्रकाश लहरींनी चालतो आणि लहर पुढे जाताना आडवी थरथरते, ताणलेला दोर झटकल्यावर थरथरतो तशी. साध्या उजेडात ही थरथर सगळ्या दिशांनी असते. आता तो दोर उभ्या गजांच्या खिडकीतून नेला आहे असे मनात आणा. वरखाली झटका दिला तर लहर पार जाईल, डावी-उजवीकडे दिला तर गजाला आपटून थांबेल. पोलरॉइड ही प्रकाशाची गजांची खिडकी. एका खिडकीतून गाळून आलेल्या उजेडासमोर दुसरी खिडकी गज आडवे करून धरली, तर काहीच पार जात नाही. अंधार. दोन चकत्या हातात घेऊन एक फिरवून पाहा, एका जागी मागचे सगळे काळे होते.

ह्या अंधारात, दोन चकत्यांच्या मधे, वस्तू ठेवायची. काच ठेवली तर अंधार तसाच राहतो, कारण काचेच्या पोटात रांगा नसतात; ती सगळीकडून सारखीच. मिठाचा खडाही काळाच राहतो. त्याच्या रांगा आहेत, पण तिन्ही दिशांनी अगदी समान आहेत. साखर, टार्टरेट, सायट्रिक आम्ल ह्यांचे तसे नाही. त्यांच्या रांगा एका दिशेने दाट, दुसरीने विरळ. प्रकाश आत शिरला की त्याचे दोन भाग होतात. एक भाग भरभर जातो, दुसरा रेंगाळतो. बाहेर पडून दुसऱ्या चकतीपाशी दोघे पुन्हा भेटतात तेव्हा त्यांचा मेळ बिघडलेला असतो. कुठला रंग एकमेकांना खोडतो, कुठला दुप्पट होतो, आणि काळ्या पडद्यावर खडा पेटल्यासारखा उजळतो. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग आपण पाहतो, ते असल्याच हिशेबाचे.

मुलाने पेटी आणली होती. कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या वर्गात असतो तसला साधा सूक्ष्मदर्शक आम्ही घेतला. बाराही बाटल्यांच्या तळाचा गाळ बारा काचपट्ट्यांवर घेतला. तेरावी पट्टी मुद्दाम केली: एक रिकामी बाटली फडक्यात गुंडाळून फोडली आणि तिचा खरा चुरा त्या पट्टीवर ठेवला. तेराही पट्ट्यांची छायाचित्रे काढली. पहिल्या बारांत होडीच्या आकाराचे, नीट कडांचे खडे लखलखत होते. तेराव्या चित्रात काळोख. एखाद्या तुकड्याच्या कडेला पुसट राखाडी झाक होती, ती काच फुटताना तिच्यात राहिलेल्या ताणाची. तिच्यात रंग नव्हता. नंतर तोच गाळ गरम पाण्यात टाकला, आणि तो साखरेसारखा विरघळून गेला. काचेचा चुरा अर्थातच जसाच्या तसा राहिला.

चित्रे कागदावर छापून मुलगा घेऊन गेला. बाई पुढच्या सोमवारी कामावर आल्या. दुकानदार मात्र काही फार खूष झाला नाही. तो म्हणाला म्हणे, “गिऱ्हाईक काही सूक्ष्मदर्शक घेऊन जेवायला बसत नाही.” त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. ह्यावर कारखान्याचा इलाज असा, की बाटलीत भरण्याआधीच वाईन शून्याखाली चार अंशांपर्यंत गार करून काही दिवस, कधी काही आठवडे टाकीत ठेवायची. त्यात थोडे क्रीम ऑफ टार्टर बियाण्यासारखे पेरले, की विरघळलेला क्षार त्या बियाण्यावर बसतो आणि काम लवकर उरकते. साखरेच्या पॅनमध्ये दाणा पेरतात, तीच ही रीत. खडे टाकीतच राहतात आणि वाईन गाळून पुढे जाते. विजेचा खर्च वाचवण्यासाठी हे गार करणे आखडते घेतले, की खडे बाटलीत उतरतात. त्या पेटीचे तसेच झाले होते. आळ मात्र यंत्रावरच्या बाईवर.

शिक्षकबंधूंसाठी ह्या परीक्षेतल्या खाचाखोचा सांगून ठेवतो. खडा एकदा काळा दिसला म्हणून लगेच काच ठरवू नका. स्फटिकसुद्धा दर नव्वद अंशांनी एकदा अंधारतो. पट्टी गोल फिरवून पाहावी. फिरवताना जो उजळतो-विझतो तो स्फटिक, आणि जो कसाही फिरवला तरी मुकाट काळा राहतो तो संशयित. फार जाड खडा रंग दाखवीत नाही, नुसता पांढरा चमकतो; रंग त्याच्या पातळ होत गेलेल्या कडांना असतात. गरम पाण्याच्या परीक्षेलाही एक अपवाद आहे. वाईनमध्ये कधी चुन्याचा टार्टरेट, म्हणजे कॅल्शियम टार्टरेट बसतो. तो गरम पाण्याला दाद देत नाही, पण पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, चित्र साक्ष देते ते पट्टीवर आलेल्या गाळापुरतीच. बारा बाटल्यांपैकी एकीचा गाळ पाहून बाराजणींची ग्वाही देता येत नाही. म्हणून तर आम्ही बाराही पट्ट्या केल्या.

छायाचित्र काढण्याची कृती अवघड नाही. पूर्वी ह्यासाठी कॅमेरा, अंधारी खोली आणि रसायने लागत. इंग्लंडात टॅल्बट नावाचे गृहस्थ होऊन गेले, कागदावर छायाचित्रे उतरवण्याच्या विद्येचे एक जनक. त्यांनी 1840 च्या सुमारास पोलराइज्ड उजेडातल्या स्फटिकांची चित्रे काढली होती. म्हणजे हा उद्योग छायाचित्रणाइतकाच जुना आहे. आज खिशातला फोन पुरतो. सूक्ष्मदर्शकाचे सर्वांत कमी शक्तीचे भिंग लावावे. एक पोलरॉइड काचपट्टीच्या खाली, उजेडाच्या वाटेवर ठेवावा, दुसरा डोळ्याकडच्या भिंगावर, आणि पूर्ण अंधार होईपर्यंत तो फिरवावा. पोलरॉइड मिळतो कुठे? चष्म्याच्या दुकानात पोलरॉइडचा काळा चष्मा मिळतो, त्याच्या दोन काचा चालतात. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पातळ काळसर फीतही चालते. फोन हातात धरला तर थरथरतो. पुठ्ठ्याची नळी करून ती भिंगावर बसवावी आणि फोन तिच्यावर टेकवावा. पार्श्वभूमी काळी असल्यामुळे फोन गोंधळतो आणि खडे पांढरेफटक करून टाकतो. पडद्यावर खड्यावर बोट टेकवून उजेड कमी करून घ्यावा. काहीही न हलवता त्याच मांडणीत प्लास्टिकच्या पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघांचेही एक चित्र काढून ठेवावे, म्हणजे खडा केवढा ते मोजता येते. मोजमाप नसलेले चित्र भिंतीवर लावायला ठीक, साक्षीला निरुपयोगी. तारीख, बाटली, भिंगाची शक्ती, थेंब वाळायला लागलेले दिवस, हे सर्व वहीत उतरावे.

तळाला खडा नसेल आणि वाईनचा नुसता थेंब वाळवून चित्र काढायचे असेल, तर मात्र चिकाटी हवी. वाईनमध्ये ग्लिसरीन असते, थोडी साखर असते. थेंब वाळतो म्हणण्यापेक्षा चिकट होऊन बसतो, आणि त्यातून सुया फुटायला दोन-दोन आठवडे जातात. इथे आपल्या कोरड्या हवेचा फायदा आहे. आपण पर्जन्यछायेतले लोक. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आपली हवा जितकी कोरडी असते तितकी कोकणात कधीच नसते. धूळ मात्र वैरीण. पट्टीवर वाटी पालथी घालावी, कडेला काडी लावून वारा जायला जागा ठेवावी.

अशा चित्रांचे वेड जगात पुष्कळांना आहे. अमेरिकेत फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठात मायकेल डेव्हिडसन नावाच्या शास्त्रज्ञांनी नाना प्रकारच्या मद्यांचे थेंब वाळवून त्यांची चित्रे काढली, आणि 1990 नंतरच्या दशकात ती चक्क गळ्यात बांधायच्या टायवर छापली गेली! चित्रे खरोखर देखणी आहेत. मोराच्या पिसाऱ्यासारखे पंखे, जरीच्या काठासारख्या रेघा. मला त्यांचा आनंद वाटतो. पण काही मंडळी त्यापुढे जाऊन सांगू लागतात, की ज्या पेयाचे स्फटिक सुंदर ते पेय शुद्ध, ज्याचे वेडेवाकडे ते अशुद्ध. आणि तशी चित्रे दाखवून बाटल्या खपवतात. हे मला पटत नाही, आणि आपणही पटवून घेऊ नये. एकाच बाटलीतले दोन थेंब घ्या. एक पंख्याखाली ठेवा, दुसरा वाटीखाली. पंख्याखालच्यात बारीक भुगा मिळेल, वाटीखालच्यात पंखे आणि तारे. मग ती बाटली शुद्ध म्हणायची की अशुद्ध? रंग तर खड्याचे नव्हतच. चकती जरा फिरवली की निळ्याचे पिवळे होते. चित्र सांगते ते एवढेच, की इथे रांगा आहेत किंवा नाहीत, खडा इतका लांब, इतका जाड, अमुक आकाराचा. तेवढे सांगणे त्या रात्रपाळीच्या बाईंना पुरेसे झाले.

एवढ्याशा खड्याने शास्त्रातही मोठी उलथापालथ केली आहे. 1848 साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर हा पंचविशीतला तरुण ह्याच टार्टरिक आम्लाच्या मागे लागला होता. वाईनच्या पिंपातून मिळणारे आम्ल गाळीव प्रकाशाला एका बाजूला वळवी. दुसरे एक आम्ल रसायनाने तंतोतंत तसेच, पण प्रकाशाला मुळीच वळवीत नसे. पाश्चरने त्या दुसऱ्या आम्लापासून एक क्षार केला, त्याचे खडे भिंगाखाली धरले आणि त्याला दिसले, की खडे दोन जातींचे आहेत. एक दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब, जसा उजवा हात आणि डावा हात. चिमट्याने एकेक खडा उचलून त्याने दोन ढीग केले. एका ढिगाच्या द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याने डावीकडे. ज्येष्ठ शास्त्रज्ञ बिओ ह्यांचा विश्वास बसेना, त्यांनी पाश्चरला आपल्यासमोर पुन्हा करायला लावले, तेव्हा खात्री पटली. औषधाचा रेणू डावा की उजवा ह्यावर आज त्याचा गुण ठरतो. ती सगळी विद्या ह्या ढिगांपासून निघाली. ह्यात एक गंमत आहे. तो क्षार असा दोन जातींत फुटतो तो हवा 27-28 अंशांच्या खाली असेल तरच. वर गेली की डावे-उजवे कण एकाच खड्यात मिसळून बसतात. पाश्चर बारामतीत असता आणि एप्रिल महिना असता, तर त्याच्या चिमट्याला काही काम मिळाले नसते!

नभोवाणीचाही ह्या खड्याशी ऋणानुबंध आहे. क्रीम ऑफ टार्टर आणि धुण्याचा सोडा ह्यांपासून रोशेल सॉल्ट नावाचा क्षार करतात. 1880 साली क्यूरी बंधूंनी दाखवून दिले, की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज उत्पन्न होते. रोशेल सॉल्ट त्यांतला बिनीचा. जुन्या ग्रामोफोनच्या सुईमागे आणि पुष्कळ मायक्रोफोनांत ह्याच क्षाराचा तुकडा बसवलेला असे. उन्हाने आणि दमटपणाने तो बिघडे, म्हणून पुढे दुसरे पदार्थ आले. परंतु कित्येक घरांतून ऐकलेली भजने आणि नाट्यगीते द्राक्षाच्या गाळातून वाट काढीत कानापर्यंत आली, असे म्हणायला हरकत नाही.

आता शाळेचे. गुरुजींनी, बाईंनी शाळेत वाईन मुळीच आणू नये, आणि त्याची गरजही नाही. किराणा दुकानात सायट्रिक आम्ल मिळते, निंबूफूल म्हणून. चिमूटभर कोमट पाण्यात विरघळवून एक थेंब पट्टीवर पसरून वाळवला, की दोन चकत्यांमध्ये जे दिसते ते पाहून वर्ग गप्प होतो. शेजारी मिठाचा थेंब वाळवून ठेवा. तो काळाच राहील, आणि का राहतो हे मुलेच विचारतील. साखरेचा दाणा बारीक कुटून पाहा. टार्टरेटच हवा असेल तर द्राक्षांच्या हंगामात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आंबट द्राक्षांचा रस गाळून, उकळून, स्वच्छ बाटलीत भरून कुणाच्या तरी शीतकपाटात तीन-चार आठवडे ठेवावा. तळाशी जो कचकचीत गाळ बसतो तो आपला खडा. चिंचेतही तो आहे, परंतु चिंचेचा गर इतका चिकट, की त्यातून खडा वेगळा काढणे शाळेत जमण्यासारखे नाही.

ज्या मुलांना पुढे बारामतीच्या एमआयडीसीत काम मिळवायचे आहे त्यांना ही नजर उपयोगी पडेल. तिथे दुधाची पावडर होते, चीज होते. आणि दुधातल्या साखरेचेही खडे असतात. आटवलेल्या गोड दुधात ते खडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून मोठे होऊ लागले, की जिभेला वाळू लागते आणि माल परत येतो. दुधाच्या प्रयोगशाळेत हेच दोन पोलरॉइड घेऊन ते खडे मोजता येतात.

अडचण एकच आहे आणि ती शिक्षकांना माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. सूक्ष्मदर्शक डेडस्टॉक रजिस्टरला नोंदलेला असतो, कपाटाला कुलूप असते, किल्ली मुख्याध्यापकांकडे असते, आणि भिंग फुटले तर भरपाई कोणी द्यायची हा प्रश्न असतो. त्यामुळे तपासणीच्या दिवशी तो बाहेर येतो आणि दुसऱ्या दिवशी आत जातो. ह्यावर माझे सांगणे असे, की सुरुवातीला मोठे भिंग काढूनच ठेवा. फुटते ते मोठे भिंग, कारण ते पट्टीला टेकते. ह्या कामाला लहान भिंगच लागते आणि ते पट्टीपासून चांगले लांब राहते. पाचवी-सहावीच्या मुलांच्या हातीसुद्धा ते निर्धास्तपणे देता येईल.

हे सर्व पावसाळ्याआधी उरकावे. मृगाचा पाऊस पडला की वाळलेले थेंब पुन्हा ओलसर होतात आणि खडे विरघळू लागतात. चित्रे काढून झाली नसतील तर हंगाम गेला म्हणायचा. पट्ट्या कोमट पाण्याने धुतल्या की पुन्हा वापरता येतात. सायट्रिकचा थेंब लगेच सुटतो. द्राक्षरसाचा चिकट असतो, त्याची पट्टी रात्रभर पाण्यात ठेवावी.